म्युनिकची इंग्लिश बाग : जुलैतले नऊ दिवस

शनिवार, ८ जुलै २०२३

मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी म्युनिक. लेक आणि जावई घ्यायला आले होते. सामान टाकून अंघोळी झाल्यावर आम्हा दोघांनाही डोळा लागायला लागला, पण लेकीने साफ सांगितलं, "बाबा, आत्ता झोपलात तर आठवडाभर रात्रीचे जागे राहाल. चला, बागेत जाऊ."

ती राहते श्वाबिंग भागात. गिझेलाश्ट्रासे मेट्रो स्टेशनापासून पूर्वेकडे चालत गेलं की दहा मिनिटांत इंग्लिशर गार्टन, म्हणजे 'इंग्लिश बाग', सुरू होते. आमच्या डोळ्यांपुढे बाग म्हणजे कुंपण, फाटक, तिकिटाची खिडकी, 'हिरवळीवर चालू नये'ची पाटी. इथे रस्ता संपला आणि झाडं सुरू झाली, एवढंच. फाटक शोधत मी दोनदा मागे वळून पाहिलं. लोक सायकलवरून ऑफिसच्या बॅगा लटकवून बागेतून सरळ पलीकडे जात होते, हिरवळीवर मुलं लोळत होती, एक जण झाडाखाली उशी घेऊन चक्क झोपला होता. ही बाग ३७५ हेक्टरची आहे, म्हणजे सव्वानऊशे एकरांच्या पुढे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कहूनही मोठी. आणि शहराच्या अगदी पोटात.

त्या दिवशी आम्ही फक्त दक्षिणेच्या टोकापर्यंत गेलो, कारण लेकीला लाट दाखवायची होती. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे लाट म्हणजे नक्की काय ते मला कळेना. हाउस डेर कुन्स्ट या कलादालनाशेजारच्या पुलाखालून आइसबाख, म्हणजे 'बर्फाचा ओढा', बाहेर पडतो. इसार नदीचं पाणी वळवून केलेला हा माणसाने बांधलेला प्रवाह. पुलाखालून पाणी भयंकर वेगाने येतं आणि बाहेर पडताच उसळून उभं राहतं. ती लाट पुढे सरकत नाही, जागच्या जागी उभी असते. तिच्यावर तरुण मुलंमुली फळी घेऊन तोल सांभाळत डावीउजवीकडे झोके घेतात. दोन्ही काठांवर रांग. एक पडला की पलीकडच्या काठावरचा उडी घेतो, मग अलीकडचा. कुणी घुसत नाही, कुणी ओरडत नाही.

मी तासभर कठड्याला टेकून उभा होतो. साताऱ्यात मी तीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे डोकं तिकडेच गेलं. मोरीत नळाची धार पडते तिथे पाणी आधी पातळ पसरतं आणि जरा लांब जाऊन त्याची गोल कड उभी राहते, ती घरी प्रत्येकाने पाहिलेली असते. वेगवान पाणी संथ पाण्याला जाऊन धडकलं की उसळतं. इथेही तेच, फक्त त्या कडेवर माणूस उभा राहतो. शेजारी फळी घेऊन उभ्या असलेल्या एका पन्नाशीतल्या गृहस्थांना मी हे इंग्रजीत बोलून दाखवलं. ते म्हणाले, त्यांनी शाळेत असताना इथे सुरुवात केली. तेव्हा हे बेकायदा होतं, पोलीस आले की फळी घेऊन पळायचं. २०१० मध्ये परवानगी मिळाली, पण कसलेल्या लोकांनाच, तशी पाटीच लावलेली होती. मग त्यांचा नंबर आला आणि ते बोलता बोलता उडी मारून गेले.

जाणाऱ्यांना एक सांगतो. पुढे याच ओढ्यात पुष्कळ लोक पोहताना, प्रवाहाबरोबर वाहत जाताना दिसतात. ते पाहून कुणी पाण्यात उतरू नये. आम्ही गेलो तेव्हा पोहायला मनाई होती, प्रवाह माणसाला उचलून नेतो आणि जुलैतही पाणी गार असतं. आम्ही काठावर बसून नुसते पाय सोडले, तेवढ्याने घोटे बधिर झाले.

परतताना सव्वानऊ वाजले होते आणि सूर्य नुकता मावळत होता. त्या रात्री आम्ही सकाळपर्यंत गाढ झोपलो.

सोमवार, १० जुलै

लेक-जावई कामावर. आम्ही दोघंच निघालो, बरोबर छापील नकाशा. वाटेत एका मोठ्या कुरणावर स्त्री-पुरुष कपडे न घालता उन्हात पडलेले दिसले. लेकीने आधी सांगितलं होतं तरी आम्ही बावरलो आणि वाट बदलली. त्या कुरणाचा तो भाग त्यासाठीच आहे आणि १९६० च्या दशकापासून तिथे हे चालत आलं आहे. कुणी कुणाकडे बघत नाही. तिथे मोबाइल बाहेर काढू नये, फोटो तर अजिबात नको.

वळून लेर्शनफेल्डश्ट्रासेच्या बाजूला आलो. झाडीत एक दगडी स्मारक होतं, त्यावर जुन्या वळणाची जर्मन अक्षरं. ही बाकावर टेकली आणि मी सवयीने अक्षरं लावू लागलो. एका ओळीत 'रम्फर्ड' असं वाचलं आणि तिथेच थांबलो. तेवढ्यात कुत्र्याला घेऊन एक आजीबाई आल्या. मी त्या नावावर बोट ठेवून विचारलं, "काउंट रम्फर्ड? शास्त्रज्ञ?" त्या हसल्या आणि त्यांनी सगळा लेख मोठ्याने वाचून इंग्रजीत अर्थ सांगितला. सुरुवात साधारण अशी आहे : 'फिरणाऱ्या, थांब! कृतज्ञतेने आनंद वाढतो.' पुढे म्हटलं आहे की कार्ल थिओडोर या तेव्हाच्या इथल्या राज्यकर्त्याच्या मनात आलेली कल्पना माणसांचा मित्र रम्फर्ड याने बुद्धीने आणि प्रेमाने उचलली आणि या ओसाड प्रदेशाचं तू आता पाहतोस ते रूप झालं.

ही बाकावरून म्हणाली, "अहो, हा तुमचा तोफवाला का?"

होय, तोच. उष्णतेचा धडा आला की मी फळ्यावर तोफ काढायचो, तिला जुंपलेले घोडे काढायचो. त्या काळी शास्त्रज्ञ मानत की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, 'कॅलरिक', आणि तो गरम वस्तूतून गार वस्तूत वाहतो. रम्फर्ड बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्याच्या, सैन्याच्या तोफा पोखरण्याच्या कामावर देखरेख करत होता. घासल्यावर धातू किती तापतो हे त्याने पाहिलं. मग त्याने मुद्दाम बोथट पोखरणी घेतली, तोफेच्या धातूभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकडून यंत्र फिरवून घेतलं. अडीच तासांनी ते पाणी उकळलं. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय! भोवतीचे लोक थक्क झाले. जोवर घोडे फिरतात तोवर उष्णता निघतच राहते. मग ती धातूत साठवलेला द्रव कशी असेल? ती गतीतून निघते. १७९८ मध्ये हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

हे सगळं मी इतकी वर्षं सांगत आलो. प्रयोग म्युनिकच्या शस्त्रागारात झाला, हेही सांगत असे. पण हाच माणूस या बागेच्या मुळाशी आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पाठ्यपुस्तकात तोफ आहे, बाग नाही.

घरी येऊन रात्री बरंच वाचलं. त्याचं मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन, जन्म १७५३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने होता, त्यांना बातम्या पुरवत होता आणि पुढे बायको आणि तान्ह्या मुलीला मागे टाकून इंग्लंडला निघून गेला. तिथून बव्हेरियाच्या राजाच्या चाकरीत. (कार्ल थिओडोर हा 'इलेक्टर', पण आपल्या भाषेत राजाच म्हणू.) सैनिकांना शांततेच्या काळात काम नसतं, म्हणून त्यांना जमिनीचे तुकडे देऊन भाजी आणि बटाटे पिकवायला लावायचे, अशी त्याची योजना. त्यातूनच १३ ऑगस्ट १७८९ चा हुकूम निघाला की शेजारचं राजाचं शिकारीचं रान सगळ्या लोकांसाठी बाग करावं. पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडून, फ्रेंच राज्यक्रांती सुरू होऊन, महिनाही झाला नव्हता! १७९२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. तेव्हा अख्ख्या म्युनिकची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. बागेला आजचं रूप दिलं ते बागरचनाकार फ्रीडरिश लुडविग फॉन श्केल याने. सरळ रेषेतले ताटवे नकोत, वाट वळत जावी, ओढा वळत जावा, ही इंग्लिश पद्धत, म्हणून नाव इंग्लिश बाग.

याच रम्फर्डने १७९० च्या पहिल्याच दिवशी म्युनिकचे भिकारी सैनिकांकरवी पकडून कामाच्या घरात नेले, आणि तिथे त्यांना ऊब, काम आणि बार्ली, वाटाणे, बटाट्यांचं स्वस्त सूप दिलं. पकडून नेणं मला पटत नाही. पण पोट स्वस्तात कसं भरेल याचा एवढा बारीक हिशोब त्या काळी दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याने मांडला असेल, असंही वाटत नाही. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

बुधवार, १२ जुलै

सकाळभर पाऊस, आपल्यासारखा धो धो नव्हे, पण थांबेना. तीनच्या सुमारास उघडलं आणि लिंबोणीच्या पानाएवढ्या नाजूक ढगांखाली सगळी बाग वाफाळली. आधी मोनोप्टेरोसच्या टेकडीवर चढलो. ग्रीक देवळासारखा गोल मंडप आहे, १८३६ मधला, लेओ फॉन क्लेन्त्सेने बांधलेला. टेकडीही माती घालून केलेली. वरून शहर दिसतं, फ्राउएनकिर्शे या मोठ्या चर्चचे कांद्यासारख्या माथ्याचे दोन मनोरे दिसतात. पायऱ्यांवर विद्यार्थी बसले होते, एक मुलगा गिटार छेडत होता. ओल्या दगडावर आम्हाला जागा करून देताना एका मुलीने स्वतःचं जाकीट खाली पसरलं. ही नको नको म्हणत होती, तिने ऐकलं नाही.

मग चिनी मनोरा. पंचवीस मीटर उंच, पाच मजली, सगळा लाकडी. मूळचा १७९० चा १९४४ च्या बाँबहल्ल्यात जळाला, १९५२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा उभारला. त्याच्याभोवती चेस्टनटच्या झाडांखाली बाकं टाकलेली, सात हजार माणसं बसतील एवढी. ही म्युनिकची बिअरबाग.

आम्ही दोघं बिअर घेत नाही, शिवाय शाकाहारी, त्यामुळे तिथे आपलं काय काम असं हिला वाटत होतं. पण बव्हेरियाच्या बिअरबागेत घरचा डबा नेता येतो! १८१२ मध्ये राजाने बिअर बनवणाऱ्यांना आपापल्या तळघरांपाशी बिअर विकायला परवानगी दिली, पण पावाखेरीज खायचं काही विकायचं नाही, अशी अट घातली. म्हणून लोक जेवण घरून आणू लागले, ते आजपर्यंत. नियम एवढाच की पेय त्यांच्याकडून घ्यायचं आणि टेबलावर कापड घातलेलं असेल तिथे डबा उघडायचा नाही, ती वाढप्यांची टेबलं. चेस्टनटची झाडंही त्या तळघरांमुळेच आली. त्यांची सावली दाट, जमीन थंड राहते, खालची बिअर टिकते.

हिने धपाटे, दही आणि साताऱ्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणली होती. आम्ही सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं आप्फेलशोर्ले घेतलं. पेल्यासाठी अनामत घेतात आणि एक बिल्ला देतात. पेला आणि बिल्ला दोन्ही परत केलं की पैसे मिळतात, तेव्हा बिल्ला जपून ठेवावा. रोख पैसे जवळ असलेले बरे. टेबलं लांबलचक असतात. 'इथे मोकळं आहे का?' असं विचारून कुणाच्याही शेजारी बसायचं.

आम्ही एका सत्तरीतल्या जोडप्याशेजारी बसलो. त्यांनी डब्यातून पांढरा मुळा काढला. चांगला हातभर लांब. आजोबांनी सुरीने तो असा फिरवत कापला की अख्ख्या मुळ्याची एक सलग मळसूत्री पट्टी झाली. तिच्यावर मीठ भुरभुरलं आणि पाणी सुटू दिलं. "मुळा रडला की खायचा," आजी म्हणाल्या. आमच्या घरात मुळ्याची कोशिंबीर करताना मीठ लावून ठेवतात ते यासाठीच. हिने लगेच चटणी पुढे केली. आजोबांनी ती ब्रेत्सन या खारट, वेटोळ्या पावाला लावून खाल्ली, थांबले, आणि पुन्हा घेतली. कशाची, कशी करतात, सगळं विचारून आजींनी एका कागदावर लिहून घेतलं. 'लसूण' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागत नाही. चीज घातलेल्या शेवयांसारख्या केझश्पेत्सले आणि किसलेल्या बटाट्याची थालीपिठं सफरचंदाच्या गोड गरासोबत मिळतात. त्या थालीपिठांना 'रायबरडाची' म्हणतात. ओबात्सडा नावाचं मऊ चीजचं कालवणही चांगलं लागतं.

शुक्रवार, १४ जुलै

उत्तरेकडचा भाग. प्रवासी इकडे फारसे येत नाहीत, आणि मला विचाराल तर बागेचा जीव इकडेच आहे. आधी क्लाइनहेसेलोरचं तळं लागलं, हंस आणि बदकं, भाड्याच्या होड्या, मध्ये तीन बेटं. काठावर श्केलचं स्मारक आहे. त्याच्यापुढेही हात जोडून आलो.

तळ्याच्या पुढे एक रुंद, वाहता महामार्ग बागेला मधोमध कापतो. एवढ्या सुंदर बागेत ही एकच गोष्ट मला फार खुपली. रस्ता बोगद्यात घालून वरची बाग जोडावी, असा प्रयत्न तिथले नागरिक बरीच वर्षं करत आहेत. तो यशस्वी व्हावा. पादचारी पुलावरून पलीकडे गेलो आणि पाचच मिनिटांत गाड्यांचा आवाज मागे पडला. पुढे निव्वळ रान आणि कुरणं. एका मोठ्या कुरणावर मेंढ्यांचा कळप आणि काठीला टेकून उभा असलेला मेंढपाळ! माणदेशातले मेंढपाळ पाहत मोठा झालेला मी, जर्मनीतल्या एका मोठ्या शहराच्या बागेत तेच चित्र बघत उभा राहिलो. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी बोटाने मेंढ्या दाखवून "किती?" असं खुणेने विचारलं. त्याने दोन्ही हात पसरून मोठा आकडा दाखवला आणि हसला. गवत कापायला यंत्रापेक्षा मेंढ्या बऱ्या, असं लेकीने नंतर सांगितलं.

तिथून पुढे आमची वाट चुकली. पायवाटा मिळून पंचाहत्तर किलोमीटरच्या वर आहेत, सगळ्या वळणाच्या, आणि छापील नकाशा मी घरीच विसरलो होतो. मोबाइलची बॅटरी संपलेली. हिचे पाय दुखायला लागले. दीड तासाने सायकलवरून जाणारी एक तरुणी थांबली. तिने नुसता रस्ता सांगितला नाही, सायकल हातात धरून ती आमच्याबरोबर वीस मिनिटं चालत श्टुडेंटनश्टाट मेट्रो स्टेशनापर्यंत आली. तिला कामावर उशीर झाला असणार. नावही न सांगता ती गेली.

घरी आल्यावर माझ्या पोटरीला काळा ठिपका दिसला. गोचीड. इथे हा प्रकार गंभीर धरतात, कारण बव्हेरियात गोचिडीतून मेंदूज्वराचा आजार पसरू शकतो. जावई औषधाच्या दुकानातून खास चिमटा घेऊन आले. कातडीला टेकवून सरळ, सावकाश वर ओढायचं. तेल लावायचं नाही, पिळायचं नाही. पुढचे काही आठवडे तिथे लाल वर्तुळ उमटतंय का ते पाहायचं, ती गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या आजाराची खूण. मला काही झालं नाही. पण उंच गवतात जाणार असाल तर पायघोळ पँट मोज्यात खोचा, आणि घरी आल्यावर अंग नीट तपासा.

रविवार, १६ जुलै

पहाटे चारला उठलो. कार्तिकात काकड आरतीला निघायचो तसे अंधारात निघालो आणि रस्त्याने आमच्यासारखेच लोक. बायकांच्या अंगात डिर्नडल हा इथला घेरदार पोशाख, पुरुषांच्या अंगात चामड्याच्या तुमानी, हातात टोपल्या आणि मेणबत्त्या. जुलैच्या तिसऱ्या रविवारी चिनी मनोऱ्याखाली कोखर्लबाल भरतो, म्हणजे स्वयंपाकिणींचा नाच. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या घरच्या स्वयंपाकिणी, मोलकरणी, गडी, आया यांना रविवारी सकाळचे काही तासच मोकळे मिळत. मालक उठायच्या आत, पहाटे, ते इथे येऊन नाचत. १९०४ मध्ये नीतिमत्तेचं कारण काढून तो बंद पाडला. १९८९ मध्ये बागेला दोनशे वर्षं झाली तेव्हा पुन्हा सुरू झाला.

सहाला मनोऱ्याच्या मजल्यावरून वाद्यं सुरू झाली. टेबलांवर घरून आणलेले पांढरे रुमाल, चांदीची शमादानं, पाव, चीज, द्राक्षं. नाच शिकवणारे पावलं ओरडून सांगत होते आणि हजारो माणसं एकदम वळत होती. माझी बायको आयुष्यात कधी सार्वजनिक ठिकाणी नाचलेली नाही. मंगळागौर सोडून. एका म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात धरून तिला रांगेत ओढलं. साडी खोचून ती गेली. मला वाटलं एक फेरी करून येईल. ती दहा वाजता वाद्यं थांबली तेव्हा परत आली, केस सुटलेले, चेहरा लाल. "पावलं सोपी आहेत हो," म्हणाली, "दोन मोजायचे, मग तीन."

जायचं असेल तर पाचच्या आत पोचा. सहाला बसायला जागा उरत नाही.

त्यानंतर

म्युनिकमध्ये पुढेही दोन आठवडे होतो, पण बागेबद्दल सांगायचं ते वर आलं. परतल्यावर ऑगस्टमध्ये माझ्या जुन्या कॉलेजने बारावीपुढे बोलायला बोलावलं. या वेळी मी आधी बागेचे फोटो दाखवले, मेंढ्या, मनोरा, लाट, स्मारकावरची अक्षरं. तोफ शेवटी काढली. अडीच तास घोडे फिरले आणि पाणी उकळलं, असं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी बैल आहेत, हे ती आधीच बोलली होती.

"सर, पण घोड्यांना वैरण लागली असेल ना? ती वैरणच चुलीत घातली असती तर पाणी लवकर उकळलं नसतं का?"

मी तिला सांगितलं की रम्फर्डने त्या निबंधात स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. उष्णता हवी असेल तर घोड्याचा चारा जाळलेला बरा, त्यातून जास्त मिळेल. मग तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तोफेशेजारी वैरणीची पेंढी काढायला सांगितली.